जुनी वॅगनआर की जुनी बोलेरो? कासुर्डीच्या रस्त्यावर, मोबाईल हातात घेऊन केलेली तुलना

बजेट तीन लाखांच्या आतबाहेर आणि घर महामार्गापासून थोडं आत असेल, तर सेकंड हँड गाडीची चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते. एक मारुती सुझुकीची वॅगनआर, दुसरी महिंद्राची बोलेरो. पहिली छोटी, पेट्रोलवर चालणारी, पुढच्या चाकांनी गाडी ओढणारी. दुसरी मोठी, डिझेलची, मागच्या चाकांनी गाडी ढकलणारी. शोरूममध्ये या दोघींची तुलना कोणी करणार नाही, कारण नव्या गाड्यांमध्ये त्यांच्या किमतीत बरंच अंतर असतं. दहा-बारा वर्षं जुन्या झाल्या की मात्र दोघी एकाच बजेटमध्ये येऊन उभ्या राहतात.

आमच्या कासुर्डीच्या घरात नेमकं हेच झालं. कासुर्डी दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर, उरुळी कांचन आणि यवतच्या मध्ये. चुलतभावाकडे दुधाचे आणि दोन वर्षांच्या कांद्याचे साठवलेले पैसे होते. चुलत्यांना बोलेरोच हवी होती. आजीला महिन्यातून दोनदा गुडघ्यांसाठी पुण्याला न्यावं लागतं आणि आजवर ते काम भाड्याच्या गाडीवर चालू होतं. पैसे एकदाच खर्च होणार होते, त्यामुळे "बघू, नाही जमली तर विकू" हा पर्याय नव्हता.

एरवी मी इथे मोबाईल आणि ॲपविषयी लिहितो. मग गाडीवर लेख कशाला? तर ही सगळी तपासणी आम्ही जवळजवळ मोबाईलवरच केली, आणि तुमच्याही घरात "तुला मोबाईलमधलं कळतं ना, मग जरा बघ" असं म्हणून हे काम तुमच्याच गळ्यात पडणार आहे.

कागदावरच्या दोन गाड्या

आम्ही बघितलेली वॅगनआर २०१४ ची होती. २०१० पासून २०१८ पर्यंत विकल्या गेलेल्या या वॅगनआरमध्ये ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं के-१० इंजिन येतं. ताकद साधारण ६७ पीएस, टॉर्क ९० न्यूटन-मीटर. वजन ९०० किलोच्या आत. लांबी साधारण ३.६ मीटर.

बोलेरो २०१३ ची, म्हणजे २,५२३ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन असलेली. ताकद साधारण ६३ पीएस, टॉर्क १९५ न्यूटन-मीटर, वजन सोळाशे किलोच्या घरात, लांबी चार मीटरहून थोडी जास्त. २०१६ मध्ये आलेली पॉवर प्लस बोलेरो वेगळी. तिचं इंजिन दीड लिटरचं आहे आणि लांबी चार मीटरच्या आत आणलेली आहे. जाहिरातीत नुसतं "बोलेरो" लिहिलेलं असलं तर यातली कोणती ते आधी विचारा.

आता हे आकडे पुन्हा एकदा बघा. अडीच लिटरच्या इंजिनाची ताकद एक लिटरच्या इंजिनापेक्षा कमी! छपाईची चूक नाही ही. पीएस म्हणजे एका ठरावीक वेळात इंजिन किती काम उरकतं याचं माप. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. वॅगनआरचं इंजिन ताकद देतं, पण त्यासाठी त्याला खूप जोरात फिरावं लागतं. बोलेरोचं इंजिन सावकाश फिरतानाच भरपूर जोर लावतं आणि वरच्या वेगाला मात्र दमतं. वजनाशी भागाकार केलात तर वॅगनआरला टनामागे साधारण ७५ पीएस मिळतात, बोलेरोला चाळीसच्या आत.

गळीत हंगामात या महामार्गावर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चालतात. त्यांना ओलांडताना हा भागाकार कळतो. एकटा ड्रायव्हर असेल तर वॅगनआर एक गिअर खाली टाकून पटकन पुढे जाते. बोलेरोत तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ लागतो, आणि गाडी उंच व दणकट आहे म्हणून आपण जास्त धाडस करतो. हे दुसरं मला जास्त धोक्याचं वाटतं. उलट आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते त्या दिवशी पहिल्या गिअरमध्ये रखडत जायचं असेल, तर बोलेरो क्लच सोडल्यावर एक्सिलरेटर न देताही पुढे सरकत राहते. वॅगनआरमध्ये सतत हाफ क्लच करत बसावं लागतं.

पुढची चाकं ओढतात, मागची ढकलतात, म्हणजे नेमकं काय

हा भाग नीट समजून घ्या, कारण गाडी कुठे रुतणार आणि कुठे निघणार हे इथेच ठरतं.

वॅगनआरचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलेलं असतं. गिअरबॉक्स त्याच्याच शेजारी आणि तिथून दोन छोटे एक्सल थेट पुढच्या चाकांना जातात. मागची चाकं फक्त सोबत फिरतात. मधे लांब दांडा नाही, त्यामुळे आतली जमीन सपाट राहते आणि छोट्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळते. बोलेरोचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असतं. मागे गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून प्रोपेलर शाफ्ट जातो, तो मागच्या हाउसिंगला फिरवतो आणि हाउसिंगमधला डिफरन्शियल ती ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देतो. मागे पाटे असतात, बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सगळीकडे दिसतात तसे.

चाकाला जमिनीवर पकड मिळते ती त्याच्यावर पडलेल्या वजनामुळे. रिकाम्या वॅगनआरचं जास्त वजन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, पुढच्या चाकांवर असतं आणि तीच चाकं ओढतात. म्हणून रिकामी किंवा पुढे दोन माणसं बसलेली वॅगनआर ओल्या रस्त्यावर बऱ्यापैकी पकड ठेवते. पण मागची सीट पाडून पेंडीची पाच पोती टाकली, म्हणजे अडीचशे किलो, की तोल मागे जातो. मागची बाजू खाली बसते आणि पुढची उचलल्यासारखी होते. स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि ओढणाऱ्या चाकांवरचा भार कमी होतो. त्यात चढ आला तर वजन आणखी मागे सरकतं. चढावरच्या ओल्या मातीत पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात ती यामुळे.

बोलेरोत सगळं उलटं. रिकामी असताना मागे वजन कमी, म्हणून निसरड्या मातीत मागची बाजू हलते, वळणावर शेपूट टाकते. तीच पाच पोती मागे टाकली की वजन बरोबर ढकलणाऱ्या चाकांवर येतं. चढावर सरकणारं वजनही तिकडेच जातं. गावाकडची माणसं रिकाम्या जीपमध्ये चिखलाच्या दिवसांत मुद्दाम दोन पोती माती टाकून ठेवतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. बोलेरो दिसते जीपसारखी, पण रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरो फोर-व्हील ड्राइव्ह नाहीत. काही होत्या, पण थोड्या. विकणारा "फोर बाय फोर आहे" म्हणाला तर मोबाईल गाडीखाली धरून व्हिडिओ काढा. गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांकडे जाणारा दुसरा शाफ्ट दिसला पाहिजे. नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

ग्राउंड क्लिअरन्सचंही तसंच. वॅगनआरचा १६५ मिलिमीटर, बोलेरोचा १८० च्या आसपास. फरक दीड सेंटिमीटरचा, म्हणजे मोबाईल आडवा ठेवल्यावर त्याची जी जाडी दिसते तिच्या दुप्पट. बोलेरोची चाकं मोठी असतात म्हणून ती खड्ड्यातून सहज निघते हे खरं. पण ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या खोल असतील तर दोघींचंही पोट टेकतं.

चालवून बघितलं तेव्हा

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमभोवती एक चक्कर, असं करू नका. विकणाऱ्याला सांगून निदान तासभर गाडी मागा. आम्ही तीन रस्ते ठरवले होते. महामार्ग, यवतवरून भुलेश्वरकडे चढत जाणारा रस्ता, आणि आमच्या वस्तीची काळ्या मातीची सहाशे मीटरची वाट.

महामार्गावर मोबाईलचं जीपीएस स्पीडोमीटर ॲप चालू ठेवलं आणि ते गाडीच्या काट्याशी ताडून बघितलं. काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, ते सगळ्याच गाड्यांत असतं. पण काटा कमी दाखवत असेल किंवा फरक फार असेल, तर टायर वेगळ्या मापाचे बसवलेत का ते बघा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. "टायर नवीन आहेत" हे वाक्य तपासायला एवढं पुरे.

भुलेश्वरच्या चढावर वॅगनआर चार माणसं घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन मोठ्याने ओरडत, पण न थांबता चढली. एसी बंद करावा लागला. बोलेरोने तोच चढ शांतपणे काढला, जणू काही विशेष नव्हतंच. उतरताना मात्र मी बोलेरोत जरा सावध होतो. उंच आणि जड गाडी वळणावर कलते आणि ब्रेकवर जास्त काम पडतं.

मातीच्या वाटेवर मोटारीचं पाणी सोडून चिखल करूनच घेतला. रिकामी बोलेरो मागून घसरली, मागे चौघे बसल्यावर सरळ निघाली. वॅगनआर चार माणसांसह निघाली, पण मागे पोती टाकल्यावर पुढची चाकं फिरत बसली. पुस्तकात लिहिल्यासारखं घडलं म्हणा ना.

आणि आजी. तिला दोन्ही गाड्यांत बसवून बघितलं. वॅगनआरची सीट जमिनीपासून साधारण खुर्चीच्या उंचीवर येते. आजी आधी टेकली, मग पाय आत घेतले. बोलेरोत पायरीवर पाय ठेवून अंग वर उचलावं लागतं. दोन माणसांचा आधार लागला, आणि वर पोचल्यावर ती जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

खाली वाकून बघायच्या जागा

दोन्ही गाड्यांची झीज वेगळ्या जागी होते, कारण ताकद वेगळ्या वाटेने चाकांपर्यंत जाते. म्हणून दोघींना एकच चेकलिस्ट लावू नका.

वॅगनआरमध्ये पुढचं चाक पूर्ण वळवा आणि मोबाईलचा टॉर्च लावून चाकाच्या आतल्या बाजूला बघा. एक्सलच्या टोकाला रबराचा घडीघडीचा बूट असतो. तो फाटला की आतलं ग्रीस बाहेर फेकलं जातं, माती आत शिरते आणि जॉइंट खराब होतो. नंतर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा, खिडकी उघडी ठेवा. कट्-कट्-कट् असा आवाज चाकाच्या वेगाने येत असेल तर जॉइंट गेला. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ओळखीच्या मेकॅनिकला पाठवा. आमच्या मेकॅनिकने अर्ध्या मिनिटाची क्लिप ऐकून "हा जॉइंट नाही, ब्रेकचा पत्रा घासतोय" असं सांगितलं आणि ते बरोबर निघालं.

बोलेरोत जॉइंट वेगळ्या ठिकाणी. प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना यूजे क्रॉस असतात. गाडी पहिल्या गिअरला टाकून क्लच सोडताना, मग रिव्हर्सला टाकताना खालून एकच "टक" असा आवाज आला तर क्रॉस झिजलेला. मोठा खर्च नाही, पण भाव पाडायला चांगला. मागच्या हाउसिंगला तेल ओलं दिसतंय का, चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ आहेत का, ते बघा. साठच्या वेगाला एक्सिलरेटर दाबल्यावर मागून घुंईऽऽ असा आवाज येतो आणि सोडल्यावर बदलतो, तर क्राऊन-पिनियनचं काम निघू शकतं, आणि तो मोठा खर्च आहे. पाट्यांपैकी एखादं पान तुटलंय का, गाडी एका बाजूला झुकलीय का, हेही बघा. चासीवर खालून नव्यानेच काळा रंग मारलेला असला तर मला आधी शंका येते. गंज झाकायला तो सोयीचा असतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" असं विकणारा म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पहाटे या. सायलेन्सरचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेल गाडी सुरू होताना आणि जोरात एक्सिलरेटर दिल्यावर थोडा काळा धूर सोडते. सतत सोडत असेल तर इंजेक्टर किंवा टर्बो तपासून घ्या.

पाचशे-हजार रुपयांचा डॉक्टर

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल लावला की गाडीचा कॉम्प्युटर तुमच्या मोबाईलशी बोलतो. ऑनलाइन असे डोंगल पाचशे-हजारात मिळतात. अँड्रॉइडवर बहुतेक चालतात. आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई किंवा वायफाय असलेलाच घ्या, नाहीतर जोडलाच जाणार नाही. टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं ॲप पुरेसं आहे.

यात लोक फक्त एरर कोड बघतात आणि "एकही कोड नाही" दिसलं की खूश होतात. कोड पुसणं हे दहा सेकंदांचं काम आहे, ते कोणीही तुम्ही यायच्या आधी करू शकतं. म्हणून दोन गोष्टी आणखी बघा. एक, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. दुसरी, रेडिनेस मॉनिटर. गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या चाचण्या स्वतःच घेत असतो. कोड पुसले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. सगळे मॉनिटर "अपूर्ण" दिसत असतील तर एक तर नुकतीच बॅटरी काढली आहे, नाहीतर कोणीतरी काहीतरी लपवलं आहे. एका एजंटकडे आम्ही पहिली वॅगनआर बघितली, तिथे कोड पुसल्यापासूनचं अंतर नऊ किलोमीटर होतं. एजंट सांगत होता की गाडी महिनाभर रोज वापरात आहे. आम्ही चहा घेतला आणि निघालो. नंतर घेतली ती गाडी वेगळी, केडगावच्या एका निवृत्त शिक्षकांची.

ओबीडी प्रत्येक जुन्या गाडीत चालेलच असं नाही, आणि त्याचं कारण मोठं गमतीशीर आहे. बीएस-४ नियम १ एप्रिल २०१० ला देशातल्या फक्त १३ शहरी भागांत लागू झाले. त्यात पुणे होतं आणि सोलापूरही होतं. मधल्या गावांना मात्र बीएस-३ गाड्या विकता येत होत्या. सगळ्या देशाला बीएस-४ लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडलं. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झालं एप्रिल २०१३ पासून. म्हणजे एकाच महामार्गावरच्या, एकाच वर्षाच्या दोन बोलेरोंपैकी पुण्यात नोंदवलेली मोबाईलशी बोलेल आणि तालुक्यात नोंदवलेली कदाचित गप्प बसेल. आम्ही बघितलेली बोलेरो गप्प बसणाऱ्यांतली होती. तिच्यासाठी मेकॅनिकचे कान हाच स्कॅनर.

किलोमीटरचा आकडा मात्र ओबीडीवर विसंबून ठरवू नका. जुन्या गाड्यांत तो साध्या ॲपला सहसा मिळतच नाही. सर्व्हिसच्या जुन्या पावत्या, क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड आणि स्टिअरिंगवरची चकाकी, हे सगळं एकमेकांशी जुळतंय का बघा. पन्नास हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

नंबर टाकला की काय काय दिसतं

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा, हे सगळं तिथे दिसतं. बोजा दिसत असेल आणि विकणारा "कर्ज कधीच फिटलंय" म्हणत असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागा. बोजा उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही. वॅगनआर सीएनजीवर असेल तर आरसीवर इंधनाच्या जागी सीएनजी नोंदवलेलं हवं आणि टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी झालेली हवी. बाहेरून किट बसवून नोंद न केलेल्या गाड्या स्वस्त मिळतात. त्या का स्वस्त आहेत हे विमा कंपनी तुम्हाला अपघातानंतर सांगते.

महाट्रॅफिकच्या ई-चलन वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून थकलेले दंड बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघून घ्या.

आता तो व्हॉट्सॲपवरचा प्रश्न. "दहा वर्षांची डिझेल गाडी बंद होणार आहे ना?" हा नियम राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशातून आला आणि तो दिल्ली-एनसीआरपुरता आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी, पेट्रोल असो की डिझेल, पंधरा वर्षांची. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, वर राज्याचा पर्यावरण कर. म्हणजे २०१३ च्या बोलेरोला २०२८ मध्ये हा खर्च येणार आणि २०१४ च्या वॅगनआरला २०२९ मध्ये. सौदा करताना हा खर्च आजच मनात धरा.

सुरक्षेचं तपासायला ॲप लागत नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना बंधनकारक झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये ती नसण्याचीच शक्यता जास्त. आमच्या दोन्ही गाड्यांत नव्हती. बोलेरोच्या काही मॉडेलमध्ये मागे समोरासमोरच्या आडव्या सीट असतात. तिथे पोरांना बसवून महामार्गावर जाणं मला पटत नाही, मग गाडी कितीही दणकट असो.

पैशाचा हिशोब

पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरा. वॅगनआर प्रत्यक्षात सोळा देते असं माना, बोलेरो बारा. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर वॅगनआरला ६,५०० रुपये आणि बोलेरोला ७,५०० रुपये. फरक हजाराचा. लोकांना वाटतो त्यापेक्षा कमीच आहे तो.

खरा फरक देखभालीत पडतो. बोलेरोला इंजिन ऑइलच जवळपास दुप्पट लागतं, टायर मोठे, क्लच प्लेट मोठी, शिवाय टर्बो आणि इंजेक्टर. दुसऱ्या बाजूने, बोलेरो दुरुस्त करणारा माणूस यवतपासून पाटसपर्यंत कुठेही सापडतो आणि पुन्हा विकायला काढली तर गावात गिऱ्हाईक पटकन मिळतं. पेट्रोलच्या जुन्या गाडीला आता ई-२० चा एक मुद्दा आहे. २०१४ ची वॅगनआर वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेली नाही, त्यामुळे मायलेज थोडं कमी धरा आणि इंधनाचे रबरी पाइप वर्षातून एकदा बघून घ्या.

टाइमलाइनने मिटवलेला वाद

चुलत्यांचं म्हणणं होतं, "शेतकऱ्याला माल वाहायला गाडी लागते." भाऊ म्हणे, "मला रोज रस्त्यावर जायचंय." दोघेही ठामपणे बोलत होते आणि आकडा कोणाकडेच नव्हता. मग मी भावाच्या मोबाईलमधली गूगल मॅप्सची टाइमलाइन उघडली. ती आधीपासून चालू असेल तरच उपयोग, आणि आता तो डेटा मोबाईलमध्येच साठतो, तेव्हा फोन बदलण्याआधी बॅकअप घेऊन ठेवा.

तीन महिन्यांच्या फेऱ्या आम्ही वहीवर उतरवल्या. जवळजवळ सगळ्या यवत, केडगाव, उरुळी कांचन आणि पुणे. डांबरी रस्ता, एक-दोन माणसं. पेंड आणायची फेरी आठवड्याला एक, चार पोत्यांची, म्हणजे दोनशे किलो. ती वॅगनआरला सपाट रस्त्यावर झेपते. कांदा दरवर्षीप्रमाणे शेजाऱ्यांसोबत भाड्याच्या पिकअपमध्ये जातो आणि तो बोलेरोतही मावला नसता. शिवाय पांढऱ्या पाटीच्या गाडीतून दुसऱ्यांचा माल भाड्याने वाहता येत नाही, ते वेगळंच.

चुलत्यांचा एक मुद्दा मात्र वहीत बसत नव्हता. पावसाळ्यात रात्री आजीला काही झालं तर गाडी दारापर्यंत यायला हवी. तो मुद्दा मला मान्य होता. म्हणूनच तर चिखलाची चाचणी केली होती. चार माणसं बसलेली, मागे माल नसलेली वॅगनआर त्या वाटेवरून निघाली होती. अडचण होती ती ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांची, आणि तिथे दोघींचंही पोट टेकलं असतं. दोन गाड्यांच्या किमतीत जो फरक होता, त्यातल्याच थोड्या पैशांत दोन ट्रॉल्या मुरूम टाकून ती वाट भरून घेतली. वॅगनआर घेतली.

तुमच्या घरात रोज सहा-सात माणसं एका गाडीने जात असतील, खडकवासला कालव्याच्या कडेच्या मातीच्या रस्त्याने जवळजवळ रोज माल घेऊन जायचं असेल, किंवा घर चढावर असेल, तर मी बोलेरोच सुचवेन आणि हजार रुपयांच्या डिझेलकडे बघणार नाही. महिन्यातून दोनदा लागेल म्हणून बोलेरो घेऊन उरलेले अठ्ठावीस दिवस एकट्याने सोळाशे किलो लोखंड फिरवायचं, हे मात्र मला पटत नाही. गावात वजन पडतं, हा मुद्दा चुलत्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्यावर ॲप नाही.

सौदा ठरल्यावर

पैसे देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि ताबा दिल्याची तारीख नव्हे, वेळसुद्धा लिहून दोघांनी सही करा. त्या मिनिटाच्या आधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दौंड तालुका बारामतीच्या एमएच-४२ मध्ये येतो. गाडी एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची असली तरी नंबर तोच राहतो, फक्त नोंद बदलते. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो, म्हणून हप्ता आधीच्या पावतीपेक्षा जास्त आला तर एजंटशी भांडू नका.

फास्टॅगचं शेवटी सांगतो, कारण ते सगळेच विसरतात. काचेवरचा जुना फास्टॅग मालकाच्या बँक खात्याला किंवा वॉलेटला जोडलेला असतो. तो त्याच्याच मोबाईलवरून, तुमच्यासमोर बंद करायला लावा. जुना बंद झाल्याशिवाय त्याच गाडीवर नवा चालू होत नाही. केडगावच्या गुरुजींना बँकेच्या ॲपमध्ये तो पर्याय सापडायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात आजी पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा होती.